बाविसावं मिनिट

रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर, गुरुवारी आठला,
मालिकेतला बाप नोकरी गेल्याचं
जेवताजेवता सांगून टाकतो.
धाकटा आपला गल्ला फोडतो,
न दिसणारी माणसं हसतात,
बाविसाव्या मिनिटाला सगळे एकमेकांच्या गळ्यात.

आमचे बाबा खुबूस मोडत बघत राहतात.
दीड महिना झाला, रोज टाय लावून निघतात;
मी स्कूलबसमधून पाहिलीय त्यांची करोला
मत्राच्या धक्क्याशी, काचा खाली, एसी बंद.
कुणाला बोलले नाही.

जाहिराती लागल्यावर निहार विचारतो,
"आपण बोलताना मागून कुणी का हसत नाही?"

आई रिमोट शोधते, मांडीवरच असलेला.
एसीचं पाणी बादलीत. टप्.
बाबा टाय सैल करतात,
"बसा जरा," म्हणतात.
आम्ही बसलेलोच असतो.