डावी बाजू

अंबड चौफुलीला, पंक्चरवाल्याच्या शेजारी माझं दुकान.
जालन्यातली पोरं येतात, त्यांना एकच पाहिजे असतं:
छाती हलली पाहिजे.
डिकीत पेटी, पेटीत बारा इंची वूफर,
नंबरप्लेट थरथरली की पैसे फिटले.

खांडेभराड काका तसे आले नाहीत.
जुनी वॅगनआर, धुऊन पुसून.
पुढची डावी सीट रिकामी
आणि काकू मागे, बरोबर त्यांच्या पाठीशी.
मला वाटलं, भांडण झालेलं दिसतंय.

"बत्तीस वर्षं रोलिंग मिलला होतो," काका म्हणाले.
"लाल सळई डाव्या अंगानं पळायची.
हा कान तिथंच राहिला."
जेवणाचा डबा विसरून आलेला माणूस
सांगतो ना, तसं सांगितलं.

दाराच्या क्लिपा सोडवल्या.
कंपनीचा स्पीकर म्हणजे काय,
कागदाचा कोन, बोटभर चुंबक,
पापुद्र्याएवढा पत्रा आणि मागं नुसतं पोकळ.
डाव्या दारातला तर फाटलेला,
उंदरानं कुरतडावा तसा, कधीचा मुका.
काकांना पत्ताच नव्हता.
मी काकूंकडं बघितलं.
त्या बाहेर रसवंतीकडं बघत बसल्या.

दाराच्या तळाशी निघालं:
दोन चिंचोके, बसचं तिकीट, अर्धी हिरवी बांगडी.
अफरोजनं विचारलं, टाकू का?
काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आधीच्या मालकाचं असंल,"
आणि रुमालात बांधून घेतलं.

आतून डांबरी शीट चिकटवलं,
रोलर फिरवला, कोपरे अंगठ्यानं दाबले,
मग टिचकी मारून बघितली.
आधी रिकामा डबा वाजायचा,
आता भरलेला रांजण.

गाण्याचे दोन भाग असतात,
हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.
काही डावीकडून येतं, काही उजवीकडून,
आणि गाणारी बाई मधोमध,
डॅशबोर्डवर येऊन बसल्यासारखी.
दोन कान असले की ती बसते.
एका कानाच्या माणसासमोर
तिला कसं बसवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
त्या रात्री उशीत कान दाबून
मी मोबाईलवर एकच गाणं ऐकत पडलो.
बायको म्हणाली, कान दुखायला का?

दुसऱ्या दिवशी डावं-उजवं एकत्र ओतलं,
ट्वीटर उजव्या खांबावर, त्यांच्या कानाकडं वळवून.
दोनदा काढला, तिसऱ्यांदा बसवला.
अफरोज म्हणाला, "भाई, इतना कौन करता?"
मी म्हणालो, पान्हा दे.

मंठा रोडला गाडी काढली.
पेनड्राइव्ह काकूंचा, गाणं जुनं,
काकांना पाठ असलेलं.
पहिलं कडवं संपलं तसा त्यांनी वेग कमी केला.
"इथं मोकळं असायचं. ही सतार कव्हा घातली?"
"मी नाही घातली काका. पहिल्यापासून आहे."
गाडी कडेला घेतली. गाणं पुन्हा लावलं. पुन्हा.
बाजूनं सरकीचे ट्रक जात होते,
काच बंद, त्यांचा आवाज लांबच राहिला.
मग मागं न वळता विचारलं,
"तुला येतंय का गं नीट ऐकू?"
"मला काय," काकू म्हणाल्या,
"मी आधीपासूनच सगळं ऐकायलेय."

साडेनऊ हजार झाले होते. नऊ घेतले.
जुने स्पीकर पेपरात गुंडाळून दिले,
काकूंनी ते मांडीवर ठेवले, फाटलेलासुद्धा.

दुकानातून गाडी चौफुलीला लागली.
सतार बाहेरपर्यंत येत होती, बारीक.
डावीकडून एक टमटम हॉर्न मारत घुसली.
मी ओरडणार होतो.
तेवढ्यात मागून काकूंचा हात आला,
काकांच्या डाव्या खांद्यावर
एकदा टेकला.
गाडी थांबली.
टमटम गेली.