मुनीम

मला काहीच वाजवता येत नाही.
म्हणून कार्ड माझ्या हातात,
पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळा-पांढरा चौकोन.
फोन माझा, खातं माझं, वही माझी.
जुनैद मला मुनीम म्हणतो.

व्हरायटी चौकातून जरा पुढे
मेट्रोच्या खांबाखाली आमची जागा.
एप्रिलचा खांब. दिवसभर तापतो,
रात्री आठपर्यंत पाठ टेकू देत नाही.
लोकेश संत्र्याच्या पेटीवर बसतो.
कळमन्यातून वीस रुपयांत आणली,
तोंडावर प्लायवूड ठोकलं,
आत जुनैदच्या गिटारची तुटकी तार ताणली,
आता ती पेटी दोन आवाजांत बोलते.
थाप जोरात पडली की फटीतून
अजून एखादी वाळक्या गवताची काडी खाली पडते.

समीक्षा गाते.
साडेसहा ते आठ तिचा क्लास असतो,
तलाठी भरती, अंकगणित, सामान्य ज्ञान,
असं घरी सांगितलेलं आहे.
बॅग शेजारीच असते. पुस्तकं खरी आहेत.
फी दोन महिन्यांपूर्वी स्पीकरमध्ये गेली.

ती डोळे मिटून गाते.
लोकांना वाटतं, किती तल्लीन झाली पोरगी.
सिग्नलला थांबलेले ऑटो
तिला बघायचे नसतात.

एक माणूस दहाची नोट टाकतो आणि
वाकून पाच रुपये परत उचलतो.
चपलांच्या दुकानातली मुलगी
रोज सव्वासातला बाहेर येते, एक गाणं ऐकते,
काही देत नाही, आत जाते.
तिच्यासाठी आम्ही सव्वासातलाच बरं गाणं ठेवतो.
हवालदार येतो.
काहून बे, परवानगी हाय का?
नाही साहेब.
तं मंग ते जुनंवालं म्हना एक.
पूर्ण ऐकतो, मग हटवतो.

आणि माझा फोन मधेच बोलतो.
समीक्षा वरून सावकाश खाली उतरत असते,
रस्तासुद्धा गप्प झाल्यासारखा,
आणि माझ्या खिशातली बाई म्हणते,
अकरा रुपये मिळाले.
लोक हसतात. सुरुवातीला समीक्षा रडकुंडीला यायची.
आता लोकेश त्या बाईला तालात घेतो,
अकरा, धा. रुपये, धा. मिळाले.

काल सहाशे चाळीस झाले.
तर्री पोह्यांचे ऐंशी वजा,
बाकीचे चौघांत. मी वाजवत नाही तरी चौघांत,
यावर अजून कुणी वाद घातलेला नाही.

घरी कुलरसमोर पडलो होतो.
पावणेअकरा झाले असतील.
खिशातली बाई अंधारात बोलली,
एक्कावन्न रुपये मिळाले.
नाव बघितलं.
दामोदर लक्ष्मण उके.

समीक्षाचे बाबा.

मग आठवत बसलो. कधी?
मंगळवारी सिग्नलला एक खाकी सदरा होता,
ऑटोतून अर्धा बाहेर वाकलेला,
मोबाइल उंच धरून.
व्हिडिओ काढतोय समजून
मी कार्ड आणखी वर केलं होतं.
मागची गाडी हॉर्न मारत होती.
म्हणजे तीन दिवस तो फोटो
त्यांच्या फोनमध्ये होता.
तीन दिवस ते सवाऱ्या सोडत होते,
घरी जेवत होते, समोर पोरगी जेवत होती.

आज ती आली, बॅग खांबाला टेकवली,
ओढणीनं मान पुसली.
म्हणाली, बाबा आजकाल
क्लासचं काही विचारतच नाही बे.
बरंच झालं.

जुनैद तारा पिळतोय.
लोकेशनं पेटी फिरवून घेतली, गुडघे फाकवून बसला.
तिनं डोळे मिटले.
सिग्नल लाल झाला, ऑटो येऊन थांबले,
एक, दोन, सहा, सगळे सारखेच.
मी वही उघडून उभा आहे.
एक्कावन्न कुठे मांडायचे कळत नाही,
चौघांत, की तिच्या एकटीच्या नावावर,
की त्या फीच्या खात्यात, जे वहीत नाहीच.

काय झालं बे मुनीम, जुनैद विचारतो.
काही नाही, मी म्हणतो,
मोजून रायलो.