खळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जिथं
चार वर्षांपूर्वी टॉवेल निघायचे,
त्याच शेडमध्ये आता भट्टी आहे.
चौदा फूट लांब. पोटातून जाळीचा पट्टा फिरतो,
एका तोंडानं ओली भाकरी घेतो,
दुसऱ्यानं कडक करून सोडतो.
निदान कंपनीचा माणूस तसं म्हणाला होता.

पहिल्या रात्री पट्ट्यानं काही सोडलंच नाही.
अर्धी भाकरी ट्रेमध्ये, अर्धी जाळीच्या डोळ्यांत,
परतीच्या वाटेवर वटवाघळासारखी उलटी,
आणि मालक, इरण्णा हत्तुरे,
उलथनं घेऊन पट्ट्यामागं पळतोय.

तेल लावा, फोनवरून सल्ला आला.
लावलं. करडईचं.
दोन तास बरे गेले, मग तेलाचा डिंक झाला,
काळा, चकचकीत, नखाला दाद न देणारा.
आधी भाकरी चिकटत होती,
आता खरवडायचा ब्रशही चिकटला.

मी इथला फिटर. त्याआधी याच शेडमध्ये जॉबर.
पट्ट्याचा तुकडा मांडीवर घेतला
आणि बोटं आपसूक मोजायला लागली,
इंचाला किती तारा.
कापडच की हे. लोखंडाचं,
बिनकाठाचं.

कापड म्हटल्यावर खळ आठवली.
पांजणीला बसलेले आमचे नाना
कोपरापर्यंत पांढरे,
घमेल्यात खळ ढवळत म्हणायचे,
ओलं सूत भीमावर चढवू नको बे,
रात्रीत सगळे धागे एकमेकांचे होतील,
सकाळी फाडून काढावे लागतील.
आधी वारा. मग भीम.

तीच खळ इथं ज्वारीच्या अंगातून सुटत होती.
तिथं धागा वाचवायची,
इथं भाकरी धरून बसायची.

मी तोंडाशी जुना टेबलफॅन लावला,
भाकरीच्या बुडाला कोरड्या पिठाचा हात.
शंभरात चाळीस चिकटायच्या, त्या पंचवीसवर आल्या.
हत्तुरेंनी चहा मागवला.

यल्लूबाई मेरगूनं घेतला नाही.
बावीस वर्षं विड्या वळून इथं आलेली,
भाकऱ्या पट्ट्यावर ठेवताना अजून तेलुगूत मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
पाचशेच्या पुढं मात्र मराठीत येते.
म्हणाली, पंखा राहू दे. तुझा तवा गार आहे.
म्हटलं, कुठला तवा?
तिनं वाटीत बोटं बुडवली
आणि पट्ट्यावर, जिथं तो भट्टीत शिरतो तिथं,
चार थेंब झटकले.
थेंब बसले. नुसते बसले.
पाव्हण्यासारखे.

आत तीनशेचा आकडा लाल लुकलुकत होता
आणि पट्टा बिचारा भट्टीखालून,
माघातल्या रात्रीच्या वाऱ्यातून
अंग काकडून परत येत होता.
गार तव्यावर भाकरी टाकू नये,
हे पोरीबाळींना कळतं.
आमच्या कॅटलॉगात नव्हतं.

मग डिंक जाळून काढला, जाळी उघडी केली.
एकदाच, कापडाच्या बोळ्यानं, दिसेल न दिसेल इतकं तेल,
आणि तासभर रिकामा पट्टा फिरवला,
धूर संपून तो तपकिरी होईपर्यंत.
एक बर्नर उचलून अलीकडं आणला, तोंडाच्या खाली.
यल्लूबाईनं पुन्हा बोटं झटकली.
थेंब नाचले, चर्र करून गेले.
ती काही बोलली नाही,
पदरानं हात पुसून पहिली भाकरी ठेवली.
ओकटी.

आता रात्रीच्या पाळीत खळ पडत नाही.
ट्रेमध्ये भाकऱ्या पडतात त्याचा आवाज
कौलावर कौल ठेवल्यासारखा.

फक्त एका जागी, जिथं तुटलेली तार
मी विणकराच्या गाठीनं जोडली,
तिथं दर फेरीला
बोटाएवढा तुकडा राहतो.
हत्तुरे म्हणतात, ती गाठ काढ, नवीन तार घाल.
उद्या बघतो, म्हणतो मी.
पहाटे तीनला यल्लूबाई ते तुकडे
उलथन्याच्या टोकानं सोडवते,
डब्यातली शेंगाचटणी काढते,
अर्धे माझ्याकडं सरकवते.
करपलेले असतात थोडे.
दाताला चिकटतात.