शेरा

झाडगणनेच्या फॉर्मात अकरा रकाने असतात.
प्रजात, घेर, उंची,
प्रकृती : बरी, मध्यम, मृतप्राय,
आणि शेवटी बोटभर जागा : शेरा.

घोडबंदर रस्त्याला, मानपाड्याच्या पुढे,
सर्व्हिस रोडच्या कडेला एक ऐन होता.
क्रमांक चारशे सतरा. चुन्यावर लाल आकडा.
साल मगरीच्या पाठीची,
आणि दोन पुरुष उंचीवर, बेचक्यात,
ऐन जेठात उमललेली सीतेची वेणी.
वीतभर खाली सोडलेली.
पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे.

हिला कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.
सुपरवायझर म्हणाले, बांडगूळ लिही.
प्रकृती मध्यम कर.

शिडी धरून काळू बरफ उभा होता, येऊरच्या पाड्यावरचा.
"खात नाय ती झाडाला," म्हणाला.
"जत्रंत पोर बसतं ना बापाच्या खांद्यावर, तशी बसलीय.
पोर काय बापाला खातं?"

मग वाचत गेलो.
तिचं बी म्हणजे भुकटी.
एका बोंडात हजारोंनी,
आणि एकाच्याही पदरी शिदोरी नाही.
वारा नेईल तिथे जायचं,
जुनी खडबडीत साल गाठायची,
आणि त्या सालीत आधीपासून राहणारी एक बुरशी
घास भरवायला तयार हवी.
नसली, तर विषय संपला.
अशी कितीतरी बियाणी
इथल्या काचेच्या टॉवरांवर आपटून
पुसणाऱ्यांच्या फडक्यात गेली असतील.

एका ऐनाच्या बदल्यात पंधरा रोपं, ठराव झाला.
रोपं लावलीही.
बांबूला बांधलेली, मनगटाएवढी, गुळगुळीत.
त्यांचा खांदा व्हायला चाळीस वर्षं.
तोवर बुरशीनं कुठे थांबावं
हे ठरावात नव्हतं.

सगळं रस्त्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं.
पण आदल्या वर्षी, येऊरच्या उतारावरून
मीच एक वेणी ओरबाडून आणली होती.
ओल्या रुमालात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत.
कोलशेतला, अकराव्या मजल्यावर,
नारळाच्या काथ्यात बांधली.
कुंदा रोज फवारा मारायची.
फूल आलं नाही.
मुळं मात्र आली, पांढरी, टोकाला हिरवी,
आणि ग्रिलच्या लोखंडावरून चाचपडत राहिली,
आंधळ्यानं परक्या घरात भिंत शोधावी तशी.
दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली.
तिचा क्रमांक कुठल्याच फॉर्मात नाही.

ऐन पडला त्या दिवशी मी रजेवर होतो.
मुद्दाम.
काळूचा फोन आला,
"बुंधा ट्रकात गेला. तिला मी काढलीय."
आईच्या लुगड्याची पट्टी फाडून
त्यानं ती पाड्यामागच्या आंब्याला बांधली,
सावलीच्या अंगाला,
जिथे शनिवारच्या पार्ट्यांचे फोकस पोचत नाहीत.

पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षी पानं गळत गळत दोन उरली.
यंदा गेलो, तर लुगडं कुजून पडलं होतं
आणि ती पडली नव्हती.
एक मूळ, एकच, सालीला चिकटलेलं.
मी मोबाईलचा उजेड धरून कळी शोधत होतो.
काळू खाली विडी पेटवत म्हणाला,
"घाई तुला हाय. तिला नाय."

नव्या गणनेचे फॉर्म आलेत.
रकाने तेच अकरा.
आंबा. घेर एकशे नव्वद. प्रकृती बरी.
शेऱ्यात लिहिलं :
खांद्यावर कुणीतरी आहे.

साहेब म्हणतात, असं लिहून चालत नाही.
अजून खोडलेलं नाही.