डावा गुडघा, उजवा गुडघा

ओइवा, सुरा तू उजवीकडून खुपसलास,
कण्याच्या आठव्या मणक्यापाशी.
सुरा माझाच. भूर्जाच्या मुठीचा,
मासे साफ करायला सकाळीच पाजळलेला.
त्या उन्हाळी रात्री सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता
आणि आपण दोघंही प्यायलेलो.
भांडण कशावरून, आज तुलाही सांगता येणार नाही.
बोटीच्या इंजिनावरून, असं आइलीनं पोलिसांना सांगितलं.

कायानीच्या इस्पितळात डॉक्टर हेल्लेवी
माझ्या पायांशी बसायची,
एक टाचणी, कापसाचा बोळा आणि नादकाटा घेऊन.
डोळे मीट, सांग: टोचतंय? लागतंय? थरथरतंय?
मी सांगायचो, ती नुसती मान हलवायची.
मग म्हणाली, दोरी अर्धीच तुटलीय.
आणि पावाच्या कागदी पिशवीवर तिनं दोन रेघा काढल्या.

स्पर्श आत शिरतो
आणि आलेल्या बाजूनंच वर चढत राहतो,
डोक्याच्या उंबरठ्याशी पोचेपर्यंत
बाजू सोडत नाही.
वेदना तशी नव्हे.
आत आली रे आली, दोन-तीन पायऱ्यांतच
ती पलीकडे जाते
आणि पलीकडच्या काठाकाठानं मेंदूकडे निघते.
ऊन-गार तिच्याच सोबतीनं.

पुढे तुरुंगातून सुटलास त्याच आठवड्यात
तू आखात ओलांडून स्वीडनला गेलास,
तेव्हा मला दुसरी रेघ आठवली.

तर माझं असं झालं:
उजवा पाय लुळा. पांघरुणाखाली हरवतो,
अंधारात हातानं शोधावा लागतो.
पण टाचणी टोचू दे, शेजारच्या शेतापर्यंत बोंब.
डावा धडधाकट. वाळूचा कण ओळखेल, शिडी चढेल,
आणि एकदा सौनात तापल्या दगडांना टेकला तेव्हा
मीच आइलीला विचारलं, मासा कोण भाजतंय?
ती आधी हसली.
मग किंचाळली.
तेव्हापासून आमच्या घरात एक म्हण आहे:
उजव्याला विचार, डाव्यानं चाल.

एकतीस वर्षांनी तू आलास, ऑक्टोबरात,
केस पांढरे, हातात स्वीडिश कॉफीचा डबा.
माफी वगैरे काही बोलला नाहीस.
आपल्याकडे बोलत नाहीत.
सौना झाल्यावर बाहेर पायरीवर बसलो,
अंगातून वाफा, पुढ्यात तळ्यावर बर्फाची पहिली साय,
आणि तू माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवलास.

पाचही बोटं मोजता आली.
करंगळीचा वाकडा सांधासुद्धा,
गोठ्याच्या दारात सापडली होती ती.
वजन होतं, थरथर होती.
ऊब नव्हती.
लाकडाचा असता तरी तसाच लागला असता.

मी म्हणालो, दुसराही ठेव. उजव्यावर.

तिथे ऊब आली.
पण हात नव्हता तिला.
कोणाची, केवढी, कुठून,
नुसती ऊब,
कोणी नसलेल्या खोलीत चूल पेटलेली असावी तशी.

एक निरोप कवटीच्या या अर्ध्यात,
एक त्या अर्ध्यात.
तिथून पुढे ते दोघं कुठे भेटतात
हे हेल्लेवीनं काढलं नव्हतं,
पिशवीच संपली होती.

मी डोळे मिटले, तिनं शिकवल्यासारखे.
इकडची बोटं घेतली, तिकडची ऊब,
आणि जुळवत बसलो.
सोपं नव्हतं. सारखं निसटत होतं.

आइलीनं आतून विचारलं, आणखी लाकडं टाकू का?
तू हात काढायला लागलास.
मी म्हणालो, थांब.
अजून पोचतोय.