जोडी

शारजा, साजा इंडस्ट्रियल, शेड नंबर अकरा.
इथे पत्र्याचे डक्ट बनतात,
मॉलमधल्या थंड हवेला चालायला वाट.
शेडमध्ये पंखे चार. दोन फिरतात.

मी स्टोअरला.
हातमोजे मीच देतो.
पंधरवड्याला एक जोडी, वहीत सही,
जुनी परत आणली तरच नवी.
साइज एकच येते, मोठी.
खरेदीवाला म्हणाला, मोठा हात लहान मोज्यात जात नाही,
लहान हात मोठ्यात जातो.
मला पटलं होतं.

नझीर परकार, मुक्काम दाभोळ.
एका खाडीवरून निघाला, आखातात आला.
हात बारीक,
जाळ्यातली ओली गाठ नखानं सोडवणाऱ्या घरातला.
मोज्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला
त्याच्या पेरभर जागा रिकामी राहायची.
रोलरनं आधी ती रिकामी जागा धरली.
मग आतलं.

रिपोर्टात एक रकाना असतो:
हातमोजे घातले होते का?
होय, मी लिहिलं.
पुढे रकाना नव्हता.

फिरत्या रोलरपाशी मोजे घालू नयेत
असं त्या मशीनवरच लिहिलंय, चिनी भाषेत,
लाल त्रिकोणात.
मी मोबाइल समोर धरून वाचलं.
नंतर.

टायपिंग सेंटरात फॉर्म भरला.
कुठलं बोट, कितव्या पेरापासून,
अंगठा महाग, करंगळी स्वस्त.
तर्जनी आणि मधलं, उजव्या हाताचं.
नझीर बाकावर बसून स्वतःच बेरीज करत होता,
भरपाई, घराचं छप्पर, बहिणीचं ठरलेलं,
आणि मध्येच थांबला.
हातचा धरायला
त्यानं सवयीनं उजवा हात वर केला होता.

मग म्हणाला, किती झाले रे?
मी कॅल्क्युलेटर काढला.

कॅम्पवर तो आता चमच्यानं जेवतो.
व्हिडिओवर आई हसते,
"सायब झालास रे तू!"
तो पण हसतो, चमचा दाखवतो,
डाव्या हातातला.
उजवा ताटाखाली.

त्याला आता लाइट ड्यूटी. झाडू, रिकामी खोकी,
कापलेल्या पत्र्याचा चुरा गोळा करणं.
पंधरवड्याला खिडकीशी येतो.
"डावा तेवढा दे."
"अरे, जोडीच असते."
"उजव्याची रिकामी बोटं लोंबतात. अडकतील कुठेतरी."
मी पुढे बोललो नाही.

असे उजवे साठत गेले.
तळच्या खणात, एकावर एक,
कोरे, रबराच्या वासाचे.
कंप्युटरला जोडी कळते, एकटा मोजा कळत नाही.

श्रावण असेल तिकडे तेव्हा,
इथे रात्रपाळीलाही पत्रा तापलेला,
टेकबहादुरचा डावा हात कातरीत गेला.
तीन बोटं.
बुटवलकडचा पोरगा, जेमतेम मिसरूड फुटलेलं,
महिन्यानं खिडकीशी आला
आणि काही मागायच्या आधीच
मी वाकून तळचा खण उघडला होता.

माझी मलाच शरम वाटली,
इतक्या पटकन उघडला.

आता एका जोडीवर दोन सह्या असतात.
एक नझीरची, डाव्या हातानं, बालवाडीतल्यासारखी तिरकी,
एक टेकबहादुरची, कागद सरकू नये म्हणून
कोपरानं वही दाबून केलेली.
वर्षाअखेरीस ऑफिसातून मेल आली,
हातमोज्यांचा खर्च उतरला, स्टोअरचं अभिनंदन.
मॅनेजरनं बिर्याणी मागवली.
मी हात धुऊन आलो आणि बराच वेळ
बोटांनी नुसता भात चिवडत बसलो.

वहीत एक नोंद अजून उघडी आहे.
त्या दिवशीच्या जोडीतला डावा मोजा
नझीरनं हॉस्पिटलातून आल्यावर आणून दिला,
नियम म्हणून, घडी घालून.
उजव्यापुढे काय लिहावं?
फाटला? हरवला? परत नाही?
दर महिन्याला पान उलटून तिथवर येतो
आणि पेन तसंच धरून बसतो.

रकाना छोटाच आहे,
दोन बोटं रुंद.