कावा

ओवळ्याच्या मागे, जिथं दोन टॉवरांचं काम
तीन वर्षं अर्धवट थांबलंय,
तिथं गफूरभाईंनी लाल माती टाकून
एक गोल आखलाय, अठरा पावलांचा.
मध्ये मी. कडेनं कवडी,
सव्वातीन वर्षांची, कपाळावर नावासारखाच पांढरा ठिपका.
दोघींमध्ये वीस हात सुती दोर.

"याला कावा म्हणायचं," गफूरभाई सांगतात.
"घोडं गोल फिरवणं. डावपेच हा अर्थ नंतर चिकटला, असं माझा बाप म्हणायचा.
काव्यावर धरलंत की कावेबाजपणा नको. तिला कळतं."

तिला सगळंच कळतं.
ऑफिसात भांडून आले की दोरातून कळतं.
माझा खांदा वर चढला, श्वास अडला,
की तिचा आतला कान फिरतो
आणि दुडकीची दौड होते.
"दोर मुठीला गुंडाळू नका, बोटं जातील."
हे ते रोज सांगतात. त्यांच्या उजव्या हाताला
करंगळी नाही, म्हणून कुणी का ते विचारत नाही.

घरी मुलगी विचारते, बसलीस?
नाही. आज मोहरकी घालून घेतली.
बसलीस?
नाही. बोटानं छाती दाबली तर दोन पावलं मागे सरकली.
आता तरी बसलीस का गं?
नाही. आज गोणपाट. मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून,
मग निळी ताडपत्री, मग काठीला बांधलेली वेफर्सची रिकामी पाकिटं.
एवढे पैसे भरून, आई, तू तिला कचरा दाखवतेस?

मंगळवारी घोडबंदर रोडवर टँकरनं भोंगा दिला.
कवडी दोन पायांवर.
दोर तळव्यातून सरसरत गेला, कातडी घेऊन.
मी सोडला. सोडायचा नसतो, तरी सोडला.
ती थेट कुंपणाशी, बांबूला छाती लावून,
फुरफुरत, शेपूट ताठ.
मी निघाले तिच्याकडे, तर
"जाऊ नका," गफूरभाई, न पेटवलेली विडी ओठांत.
"पाठ करा तिच्याकडे."

केली.
समोर नवव्या मजल्याच्या उघड्या सळया,
एका सळईवर कुणाचा तरी विसरलेला शर्ट.
तळवा जळत होता. किती वेळ, मोजलं नाही.
मग मातीवरून दोर ओढत येण्याचा आवाज,
थांबत, येत, थांबत,
आणि मानेवर, केसांखाली, ओला गरम श्वास.
चंदीचा वास. भिजल्या हरभऱ्याचा.
मी वळले नाही.

नंतर खोगीर आणलं, आधी नुसतं हुंगायला.
तंग बांधला नाही, रिकिबी वर अडकवलेल्या.
पाठीवर ठेवलं, उचललं, ठेवलं, उचललं,
कितव्यांदा तरी तिनं मान खाली सोडली,
काही चघळल्यासारखे ओठ हलवले,
आणि सगळे पिवळे दात दाखवत जांभई दिली.
गफूरभाईंनी विडी पेटवली.

बसलीस?
नाही. आज तिनं जांभई दिली.
मुलगी म्हणाली, बरं,
आणि पट्टी बांधायला माझा हात घट्ट धरला.
मी म्हटलं, सैल धर.